छातीवरच्या लोगोत संत्रा ठेवू की विहीर?

पत्र वरुड तालुक्यातल्या एका भावाचं आहे. घरची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. नाव देत नाही, पत्र थोडं कमी करून देते.

"ताई, नर्सरी बाबांनी सुरू केली, आता मी पाहतो. मागच्या वर्षी मावसभावानं मोबाईलवर लोगो बनवून दिला. मोठा संत्रा, खाली पानं, मागून उगवता सूर्य, बाजूला आमची विहीर, वरून गोलात नर्सरीचं पूर्ण नाव, खाली 'खात्रीशीर कलमांचे विश्वसनीय ठिकाण' आणि मोबाईल नंबर. बोर्डावर, बिलबुकावर मस्त दिसते. आता पावसाळ्यात गिऱ्हाईक सुरू होईल म्हणून २२ माणसांसाठी हिरवे कॉलरचे टी-शर्ट आणि टोप्या करायचं ठरवलं. एम्ब्रॉयडरीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लोगोचा फोटो पाठवला, त्यानं नमुना काढला तर अक्षरांचे गोळे झाले, संत्र्याच्या भोवती कापडाला चुण्या पडल्या, विहीर कुठं आहे समजतच नाही. वरून तो म्हणतो २४ हजार टाके आहेत, पैसे तसेच लागतील. भाऊ म्हणतो कारागीर कच्चा आहे, नागपूरला जाऊ. बाबा म्हणतात लोगोतलं काहीच काढायचं नाही, विहीर तर नाहीच नाही. काय करू? सरळ प्रिंटच मारून घेऊ का?"

भाऊ, नागपूरला जायची घाई करू नको. हाच फोटो घेऊन गेला तर तिथला मोठ्यातला मोठा मशीनवालाही असंच काढून देईल, वरून जायचं-यायचं भाडं लागेल ते वेगळं. कारागिराकडून दोन गोष्टी राहिल्या आहेत त्या पुढं सांगते, पण मूळ अडचण अशी की तुझा लोगो शाईसाठी बनला आहे आणि तू तो धाग्यात मागून राहिला. बोर्डावर शाईचा ठिपका किती बारीक टाकायचा ते प्रिंटर ठरवतो, धाग्याला मात्र स्वतःची जाडी असते. मशीनवर नेहमी चालतो तो ४० नंबरचा धागा कापडावर साधारण ०.४ मिलिमीटर जागा घेतो. आता हिशोब कर, साडेतीन इंचाच्या लोगोत तुझी ती 'खात्रीशीर कलमांचे विश्वसनीय ठिकाण' वाली ओळ बसवली तर अक्षराची उंची ३ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे एकाखाली एक सात धागे. सात धाग्यांत शिरोरेषा, अक्षर, वेलांटी, 'विश्वसनीय' मधला 'श्व', 'कलमांचे' वरचा अनुस्वार, हे सगळं कसं बसवशील? गोळाच होणार, दुसरं काही होऊ शकत नाही.

तुम्ही लोकं जमीन पाहून खुंट, म्हणजे कलमाचं खालचं झाड, निवडता ना, भारी जमिनीला एक, हलकीला दुसरा, डोळा मात्र त्याच संत्र्याचा बांधता. लोगोचंही तसंच कर. ओळख तीच ठेव, पण कापडासाठी त्याचं वेगळं रूप करून घे. बोर्डावरचा पूर्ण लोगो आहे तसाच राहू दे, त्याला हातही लावू नको, बाबांना हे सगळ्यात आधी सांग, कारण त्यांना वाटून राहिलं असेल की पोरगा लोगो मोडायला निघाला.

आता छातीवर काय ठेवायचं. माझं मत स्पष्ट आहे, एक आकार आणि एक नाव, बाकी सगळं बाहेर. मोबाईल नंबर छातीवर कोणी वाचत नाही, गिऱ्हाईक समोर उभं असलं की ते माणसाच्या तोंडाकडे पाहते, छातीवर वाकून दहा आकडे वाचत नाही. नंबर पाठीवर मोठा टाक, तोही एम्ब्रॉयडरीनं नाही तर स्क्रीन प्रिंटनं, म्हणजे मोटरसायकलवर जाणाऱ्यालाही दिसेल. ती विश्वसनीय ठिकाणाची ओळ बिलबुकावर छान आहे, तिथंच राहू दे. सूर्य काढ. सूर्यात पिवळ्यापासून केशरीपर्यंत रंग हळूहळू बदलत जातो, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये ते फुकटात होते, पण मशीनच्या सुईत एका वेळी एकच रंगाचा धागा असतो. रंगात रंग मिसळल्यासारखं दाखवता येतं, नाही असं नाही, पण त्याला जागा मोठी लागते, टाके भरपूर लागतात आणि साडेतीन इंचात ते फक्त मळकं दिसते.

राहिला प्रश्न संत्रा की विहीर. मी बाबांच्या बाजूनं आहे. वरुड, मोर्शी, शेंदुरजनाघाट, त्या पट्ट्यात कोणत्याही नर्सरीचा बोर्ड पाहा, संत्रा आहेच. तुझ्या माणसाच्या छातीवरचा संत्रा आणि शेजारच्या नर्सरीच्या माणसाच्या छातीवरचा संत्रा दहा फुटावरून सारखाच दिसणार. विहीर मात्र कोणाकडेच नाही. आणि टाक्यांच्या हिशोबानंही विहीर सोपी आहे, फक्त ती बाजूनं काढलेली नको. मावसभावानं कठडा, दगड, दोर, बादली सगळं काढलं असेल, ते चिमणीएवढ्या जागेत होत नाही. विहीर वरून पाहिल्यासारखी काढ, म्हणजे एक जाड गोल कडा. आणि त्या कड्याच्या आत पाण्याच्या जागी संत्रा, साधा भरीव केशरी गोल, वरती एक पान. झालं. विहीरही राहिली, संत्राही राहिला, आणि पाहणाऱ्याला विहीर ओळखू आली नाही तर तुझा माणूस सांगेल की ही आमची विहीर आहे, तेवढंच बोलणं निघेल. बाबांना हे चित्र कागदावर काढून दाखव, तोंडी सांगू नको, तोंडी सांगितलं तर काय काढलं तेवढंच ऐकू येते.

या चित्रात एक बारकी गोष्ट आहे ती पंचिंगवाल्याला, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची फाईल बनवणाऱ्याला, नक्की सांग. कडा आणि संत्रा एकमेकाला चिकटवू नको, मध्ये दीड-दोन मिलिमीटर कापड उघडं राहू दे. कारण असं आहे की टाका पडला की धागा कापडाला ओढतो, संत्रा भरला जाते तोपर्यंत कापड थोडं सरकलेलं असते, मग त्याच्या अगदी काठावर बारीक आउटलाईन मारायला गेलं की एका बाजूला फट दिसते आणि दुसऱ्या बाजूला आउटलाईन संत्र्यावर चढते. मध्ये मुद्दाम जागा सोडली की अर्ध्या मिलिमीटरची सरक कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि गोल म्हटलं की आणखी एक, स्क्रीनवर पक्का गोल असलेला संत्रा कापडावर लंबुळका निघतो, कारण टाके ज्या दिशेनं पडतात त्या दिशेनं कापड आक्रसते. याच्यासाठी पंचिंग करतानाच त्या दिशेला आकार थोडा वाढवून ठेवतात, त्याला पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात, चांगल्या पंचरला वेगळं सांगावं लागत नाही, पण तू विचारून घे, त्यालाही समजते की समोरच्याला माहीत आहे.

पंचिंग म्हणजे काय हे तुझ्या पत्रावरून तुला पूर्ण माहीत नाही असं वाटलं, म्हणून सांगते. मशीनला फोटो समजत नाही. मशीनला सुई कुठं टोचायची, कुठून कुठं जायचं, कुठं धागा कापायचा, कुठं रंग बदलायचा, असं एकेक सांगावं लागते, आणि ते माणूस बसून बनवतो. टाके मुख्य तीन, बारीक रेषेला रनिंग, अक्षरांना आणि कड्यांना सॅटिन, मोठी जागा भरायला फिल. सॅटिनला साधारण एक मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी देऊ नये आणि सात-आठच्या पुढं जाऊ नये, पुढं गेलं की लांब धागे सुटे राहतात आणि कशातही अडकतात, आणि नर्सरीत तर काटेच काटे. त्याच्या खाली एक आधाराचा थर असतो, अंडरले, तो नसला की वरचे टाके कापडात रुततात. काही सॉफ्टवेअरमध्ये फोटो टाकला की आपोआप पंच होते, तुझ्या नमुन्यात मला तेच झालेलं वाटते, कारण २४ हजार टाके असल्या लोगोत माणूस घालत नाही. छातीवरचा लोगो पाच ते आठ हजारात बसायला पायजे.

आणि टाके म्हणजे फक्त पैसे नाही, वेळ पण. मिनिटाला ८०० टाक्यांनी मशीन चाललं तर २४ हजाराला एका शर्टाला अर्धा तास, २२ शर्टांना ११ तास, धागा तुटला, बॉबिन संपली ते वेगळंच. सहा हजाराचा लोगो असला की तेच काम पावणेतीन तासाच्या आसपास निघते. कारागीर हजार टाक्यांवर भाव लावतो तो याच्यासाठी, त्यात तो तुला लुबाडून राहिला असं नाही. पंचिंगचे पैसे मात्र एकदाच द्यायचे असतात, आणि ते दिले की फाईल मागून घे. मशीनला द्यायची टाक्यांची फाईल बहुतेक डीएसटी असते, ती जवळपास कोणत्याही मशीनवर चालते, पण तिच्यात रंग नसतात, फक्त इथं थांब आणि धागा बदल एवढंच असते, म्हणून रंगांच्या नंबरचा कागद सोबत घे. आणि जमलं तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलं त्याची मूळ फाईल पण माग, विलकॉममध्ये बनवलं असेल तर ईएमबी. पुढं काही बदलायचं झालं तर तीच कामाची. डीएसटी लहान-मोठी करू नये, दहा टक्के इकडंतिकडं चालते, त्याच्या पुढं टाके तेवढेच राहतात आणि जागा बदलते, मग एक तर दाट होऊन कापड कडक होते नाही तर विरळ होऊन खालचं कापड दिसते.

आता नाव, याच्यावर मला जास्त बोलायचं आहे कारण मराठी अक्षरांचे हाल मी रोज पाहते. इंग्रजी कॅपिटल अक्षर ५ मिलिमीटरमध्ये नीट निघते, म्हणून कारागीर मराठीलाही तोच माप लावतो आणि तिथंच गडबड होते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, म्हणजे अंगाला अर्धीच उंची मिळते. माझ्या मते मात्रांसकट १० मिलिमीटरच्या खाली जाऊच नये. ६० नंबरचा बारीक धागा आणि बारीक सुई लावून थोडं कमी करता येतं, पण तालुक्याच्या दुकानात तो धागा सगळ्या रंगात मिळेलच असं नाही, त्याच्या भरवशावर राहू नको. नाव गोलात फिरवू नको, सरळ ओळीत लिही, गोलात शिरोरेषा प्रत्येक अक्षराला वाकते आणि जोडावर तुटते. सरळ ओळीत काय करायचं की आधी सगळी अक्षरं टाकायची आणि शेवटी शिरोरेषा एका दमात वरून ओढायची, अक्षरांचे सगळे जोड तिच्याखाली झाकल्या जातात आणि ओळ कशी ताठ दिसते. 'नर्सरी' मध्ये रफार आहे, तो फॉन्टमध्ये असतो त्याच्यापेक्षा थोडा जाड आणि थोडा वर उचलून घे. अनुस्वाराचा ठिपका दीड मिलिमीटरचा तरी ठेव, नाही तर सुई एकाच जागी टोचत राहते आणि तिथं गाठ होते, कधी भोकच पडते. 'म', 'भ', 'व' ची पोटं उघडी राहिली पायजेत. वळणदार, कुठं जाड कुठं बारीक असा लग्नपत्रिकेचा फॉन्ट अजिबात नको. सगळीकडं सारख्या जाडीचा घे, मुक्ता आहे, बालू आहे, दोन्ही फुकट मिळतात आणि जाड वजनात चांगले निघतात. आणि पूर्ण नाव टाकायलाच पायजे असं नाही. गाव तुम्हाला ज्या एका नावानं ओळखते ते मोठं आणि खाली 'नर्सरी', बस.

तुझ्याकडे डीटीपीवाल्याची कोरलची फाईल असेल तर एक लक्षात ठेव. आपल्याकडं बरंच काम श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये होते, ते फॉन्ट पुढच्याच्या कॉम्प्युटरमध्ये नसले की तुझ्या नावाच्या जागी कायच्या काय अक्षरं येतात, आणि मराठी न वाचणारा पंचर असला तर तेच पंच करून मोकळा होतो. म्हणून द्यायच्या आधी कंट्रोल क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह करून घे, म्हणजे अक्षरं नुसते आकार होतात, फॉन्ट लागत नाही, आणि सोबत कागदावर नाव लिहिलेला फोटो पण पाठव.

चुण्या कशानं पडल्या ते सांगते, इथं कारागिराचं चुकलं. कॉलरचा टी-शर्ट विणलेला असतो, ताणल्या जातो. अशा कापडाच्या मागून लावायचा पेपर कापून काढायचा असतो, म्हणजे टाक्यांच्या मागं तो कायम राहतो आणि धुतल्यावरही आकार धरून ठेवतो. फाडून काढायचा पेपर शर्टाच्या साध्या कापडाला चालतो, टी-शर्टाला नाही. तुझ्या नमुन्याच्या आत हात घालून पाहा, काठावर फाडलेला पेपर दिसेल. दुसरं, टी-शर्ट फ्रेममध्ये ताणून बसवला असेल. फ्रेम काढली की कापड परत आपल्या जागेवर जाते पण टाके जात नाहीत, मग भोवती चुण्या. कापड सपाट बसवायचं, ओढायचं नाही. सुईही टी-शर्टाला बोथट टोकाची लागते, बॉलपॉइंट, ७५ नंबरची, टोकदार सुईनं विणीचा धागा तुटतो आणि दोन-चार धुण्यात भोकं दिसायला लागतात. हे तू त्याला भांडून सांगू नको, माणूस चांगला असेल तर सरळ विचार की पेपर कोणता लावला. सांगितलं तर बहुतेक जण करून देतात, तालुक्याला मशीन टाकून बसलेल्या माणसाला शाळेच्या बॅजशिवाय असं काम कमीच येते.

टी-शर्ट कोणता घ्यायचा ते पण पाहून घे. अमरावतीला सिटीलँड, बिझीलँड या कपड्यांच्या बाजारात गेला तर स्वस्तात ते चकाकणारे पातळ पॉलिस्टरचे मिळतील, स्पोर्ट्सवाले, त्याच्यावर एम्ब्रॉयडरी करू नको, तिथं चुण्या पडणारच, त्याला प्रिंटच बरं. एम्ब्रॉयडरीला मॅटी, म्हणजे कॉलरच्या टी-शर्टाचं ते जाळीदार विणीचं कापड, २२० जीएसएमच्या (चौरस मीटरला २२० ग्रॅम) आसपास. सुती असेल तर आधी एकदा पाण्यातून काढ, नाही तर पहिल्या धुण्यात कापड आटते आणि पॉलिस्टरचा धागा आटत नाही. धागा पॉलिस्टरचाच माग. रेयॉन चमकते जास्त, पण तुझ्या माणसांचे कपडे दगडावर ब्रशनं घासल्या जातील, कधी ब्लिचिंगमध्ये भिजतील, तिथं रेयॉन टिकत नाही. हिरव्या शर्टावर हिरवं पान दिसणार नाही, पान पांढरट पिवळ्या धाग्यात घे आणि कडा पण त्याच रंगात, म्हणजे दोनच रंगात काम. शेड कार्ड दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन पाहा, ट्यूबलाईटखाली केशरी वेगळाच दिसतो. आणि मोठा भरीव बिल्ला केला नाही तेच बरं झालं असं तुला मे महिन्यात कळेल. मागचा पेपर, वरचे दाट टाके आणि आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन, माणूस टी-शर्ट काढूनच ठेवतो. म्हणून मी कमी टाके, कमी टाके म्हणून राहिली.

प्रिंटचं विचारलं तर, प्रिंट वाईट नाही. पाठीवरचं मोठं नाव-नंबर स्क्रीन प्रिंटनंच कर. सूर्यासकट पूर्ण रंगीत लोगो कुठं पायजेच असेल, गिऱ्हाईकाला द्यायच्या कापडी पिशवीवर वगैरे, तर डीटीएफ करून घे, म्हणजे फिल्मवर छापून गरम दाबून कापडावर चिकटवायचा प्रिंट. पण छातीवर रोज घासणाऱ्या कपड्याला धागा जास्त दिवस साथ देतो.

टोपीसाठी वेगळी फाईल लागेल. टोपीवर उंचीला जागा दोन-सव्वादोन इंचच असते, पुढच्या बाजूला मधोमध शिलाई असते, आणि टोपी गोल असल्यानं पंचिंग खालून वर आणि मधून बाजूला असं करावं लागते, नाही तर कापड ढकलत जाते आणि मध्ये फुगा येते. टोपीवर नाव टाकू नको, फक्त विहिरीची कडा आणि संत्रा.

एक गोष्ट तू लिहिली नाही पण मला विचारायची आहे. २२ माणसांत बाया किती? पिशव्या भरायला, निंदायला बायाच असतील ना. त्या टी-शर्ट घालणार नाहीत, साडीवर फुलबाहीचा शर्ट घालून येतात हे तुलाही माहीत आहे. मग त्यांच्यासाठी टी-शर्ट आणून पेटीत पडून राहतील आणि त्यांना वाटेल आपल्यासाठी काही आणलंच नाही. त्यांच्यासाठी तोच लोगो जाड ट्विलच्या कापडावर काढून कडेला ओव्हरलॉक मारून बॅज करून घे. तो त्यांच्या शर्टाच्या खिशावर शिवता येतो, शर्ट फाटला की उसवून दुसऱ्यावर लावता येतो. शर्ट पण तूच दे, सुती, फुलबाहीचे, त्यांच्या मापाचे. मला तर वाटते काही गडीमाणसंही टी-शर्टापेक्षा बॅजच मागतील.

सगळे २२ एकदम टाकू नको. आधी त्याच टी-शर्टावर, त्याच पेपरवर, त्याच धाग्यानं एक नमुना काढून घे, आणि तो घरी आणून रोजच्यासारखा तीन-चार वेळा धू, वाळव, मग बाबांना दाखव. मला फोटो पाठवायचा असेल तर पुढून पाठव आणि उलटा करून मागूनही पाठव. मागच्या बाजूला सॅटिनच्या पट्टीत मधोमध एक तृतीयांश पांढरा बॉबिनचा, म्हणजे खालचा धागा आणि दोन्ही बाजूनं रंगीत दिसला पायजे. पूर्ण पांढरं दिसलं किंवा पांढरं दिसलंच नाही तर मशीनच्या धाग्याचं टेन्शन, म्हणजे ताण, बिघडलेलं आहे, ते कारागिराकडून तिथंच दुरुस्त करून घे आणि मगच बाकीचे शर्ट दे.